फोटो बघताना तुम्हाला नेमकं काय हवं असतं?

गारवेल (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्र. आज धागा काढायचं कारण म्हणजे आमची मावशी.

परवा ती साताऱ्याला आमच्याकडे आली होती. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि गेल्या आषाढातले वारीचे फोटो लावले. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण, दोन्हीकडे पताका आणि मधून माउलींचा अश्व सुटलाय. मी आजवर काढलेल्यांतला हा सगळ्यात बरा फोटो, असं माझं मत. मी उत्साहाने सांगायला लागलो: लेन्स २०० मिमी, तिचं तोंड एफ ४ इतकं उघडं, शटर १/१००० सेकंद. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे रे. पुढचा पाय मुडपल्यासारखा दिसतोय. पडला नाही ना घोडा?"

मला सांगता येईना. कारण फोटो काढल्या काढल्या मी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो नीट आलाय का ते बघत होतो. घोड्याचं पुढे काय झालं ते मी पाहिलंच नाही.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. सहा वर्षं मी प्रत्येक प्रचिखाली (म्हणजे फोटोखाली) इमानेइतबारे आकडे लिहितोय, ते कुणासाठी? दुसऱ्याने काढलेले फोटो बघताना सोबत काय सांगितलेलं तुम्हाला आवडतं? आकडे, जागा, किस्सा, की काहीच नको, गप्प बसून बघू द्या? "छान" सोडून काहीही लिहा.

निवांत_पाटील (रविवार, रात्री ९.४४)

छान.

(पळालो.)

अडीच_अक्षरं (सोमवार, सकाळी ७.१५)

मला हवेत बुवा आकडे! मी नवखी आहे. भावाचा जुना डीएसएलआर दिवाळीत माझ्याकडे आलाय. पण नुसतं "एफ ४, १/१०००" वाचून माझ्या डोक्यात काही उजेड पडत नाही. एफ ४ च का? एफ ८ का नाही? ते "का" कुणीच लिहीत नाही.

शिवाय एक अडचण आहे. मी आळंदीला प्रस्थानाला गेले होते. समोर धोतरं, टोप्या, सगळं पांढरंशुभ्र. फोटोत मात्र सगळे वारकरी आठवडाभर न धुतलेल्या धोतरांत आल्यासारखे राखी. कॅमेरा बिघडलाय का?

स्टुडिओवाले_काका (सोमवार, सकाळी ९.०२)

ताई, कॅमेरा ठणठणीत आहे. समोर धोतर आहे की म्हैस आहे हे त्याच्या मीटरला कळत नाही, किती उजेड परत येतोय एवढंच कळतं. आणि जग सरासरीने करडं असतं असं त्याला कारखान्यातूनच पढवून पाठवलेलं असतं. म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं. झाडं, माती, भिंती, माणसं असं सगळं एकत्र घोटलं तर बहुतेक वेळा त्याच्या आसपासच भरतं, म्हणून रोजचं निभतं. पण समोर दोन हजार पांढरी धोतरं आली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळपट करतो. गोठ्यात काळी म्हैस दिसली की वाटतं उजेड कमी पडला, मग म्हशीला राखाडी करून सोडतो.

कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं ते शोधा. धोतराला अधिक १, म्हशीला उणे १. पांढऱ्याला वाढायचं आणि काळ्याच्या ताटातलं काढून घ्यायचं. ऐकायला उफराटं वाटतं पण तसंच आहे.

जेजुरीला सोमवतीला गेलात तर आणखी एक. भंडारा उधळला की सगळीकडे पिवळंच पिवळं. कॅमेऱ्याला वाटतं हा बल्बचा पिवळेपणा आहे, आणि तो इमानदारीने पिवळा मारायला लागतो. सोन्याची जेजुरी फिकी पडते. तिथे व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवरून काढून सूर्याच्या खुणेवर ठेवा. आणि काहीही झालं तरी गडावर लेन्स बदलू नका. मी एकदा बदलली होती. थोडा प्रसाद अजून त्या कॅमेऱ्यात आहे.

थंडोबा (सोमवार, सकाळी ९.४८)

काका _/\_

इकडे मिनेसोटात बर्फाचं अगदी हेच. पहिल्या हिवाळ्यातले माझे सगळे फोटो डांबरी रस्त्यावर राख पसरल्यासारखे आलेत. घरच्यांना पाठवले तर आई म्हणाली, "तिकडे प्रदूषण फार आहे का?" कुणीतरी अधिक दीड करायला सांगितलं तेव्हा बर्फ बर्फासारखा दिसला. धोतरांचा आणि बर्फाचा हा संबंध मात्र आज कळला.

अवांतर: बाहेरच्या थंडीतून घरात येताना कॅमेरा तसाच आणला तर लेन्सवर धुकं धरतं. मी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करतो आणि आत आल्यावर तासभर उघडत नाही.

फणसाड (सोमवार, सकाळी १०.१०)

अवांतरावर अवांतर: कोकणात हेच उलट्या दिशेने. एसी गाडीतून जून महिन्यात बाहेर पाऊल टाकलं की लेन्सला घाम फुटतो. आणि पावसाळाभर कॅमेरा चामड्याच्या बॅगेत ठेवला की गणपतीला काढाल तेव्हा लेन्सच्या आत बुरशीची नक्षी. माझी एक लेन्स अशी गेली. आता डब्यात ठेवतो, घट्ट झाकणाच्या, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. (त्या तव्यावर नंतर भाकरी टाकायची नाही. ही सूचना घरच्या अनुभवातून.)

गारवेल (सोमवार, दुपारी १.३०)

अडीच_अक्षरं, तुमच्या "का"चं खरं उत्तर ऐकून हसाल. एफ ४ अशासाठी की माझी लेन्स त्याहून जास्त उघडतच नाही. बाकी काही कलात्मक विचार वगैरे नव्हता. १/१००० मात्र विचार करून. धावणारा घोडा १/२५० ला पायाशी विरघळतो.

आणि हे मी कुठेच लिहिलं नव्हतं, पण त्याच दिवशी घोडा आधी समोरून गेला तेव्हा मी १/३० वर खेळत होतो. घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत न्यायचा. जमलं तर घोड्याचं अंग स्पष्ट, पाय धूसर आणि मागच्या पताकांचे नुसते भगवे फराटे. त्रेसष्ट फोटो काढले. एकसष्ट कचऱ्यात. उरलेल्या दोघांपैकी एकात घोड्याचं डोकं नाही.

अडीच_अक्षरं (सोमवार, दुपारी १.४१)

ते एकसष्ट दाखवा ना! खरंच. चांगला फोटो बघून मला फक्त न्यूनगंड येतो. चुकलेला बघून कळतं की हात कुठे थांबला.

घाटमाथा (सोमवार, रात्री १०.२२)

आकड्यांबद्दल थोडं कडू बोलतो, हलके घ्या. "सेटिंग काय होतं?" हा प्रश्न म्हणजे आमटी चाखून "मीठ किती ग्रॅम?" विचारण्यासारखा आहे. आकडे त्या दिवशीच्या, त्या वेळच्या उजेडाचे असतात. फिल्मच्या काळात मीटर नसलेले लोक एक आडाखा वापरायचे: कडक उन्हात एफ १६, आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं, म्हणजे १०० ची फिल्म तर १/१०० च्या जवळचं. यातला मुख्य शब्द आहे "कडक उन्हात". तो सांगितला नाही तर पुढचे आकडे निकामी. त्यामुळे मला वेळ सांगा, ढग होते का सांगा, सूर्य तुमच्या पाठीशी होता की समोर ते सांगा. आकडे मी माझे काढीन.

पण मला फोटोवाल्याकडून सगळ्यात जास्त हवा असतो तो एका प्रश्नाचा जबाब: डोळ्याला हे असं दिसलं होतं का?

काजव्यांचे फोटो घ्या. मे अखेर ते पाऊस लागेपर्यंत भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला काजवे असतात आणि त्यांचे फोटो गावभर फिरतात. अख्खं झाड, खालचं गवत, सगळं हजारो पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेलं. तो एका क्षणाचा फोटो नसतो. तिपाईवर कॅमेरा बांधून वीस-तीस सेकंदांचे चाळीस-पन्नास फोटो घेतात आणि संगणकावर एकावर एक चढवतात. म्हणजे अर्ध्या तासात जेवढे काजवे जिथे जिथे चमकले ते सगळे एकदम. त्यात लबाडी काही नाही, मीही काढतो. पण खाली एक ओळ लिहायला काय जातं? ती नसते म्हणून मुंबई-पुण्याची माणसं पाच-सहा तास गाडी हाकत येतात, झाडाकडे बघतात आणि "एवढेच?" म्हणून टॉर्च मारतात. टॉर्च मारला की काजव्यांचे एकमेकांना चाललेले इशारे मोडतात, मग एवढेही राहत नाहीत.

खरं तर प्रत्यक्षातलं फोटोपेक्षा सरस असतं. एक झाड एकदम पेटतं, विझतं, मग शेजारचं पेटतं. ही लय फोटोत पकडता येत नाही. फोटोत सगळीच झाडं कायमची पेटलेली.

चकलीवाली (मंगळवार, सकाळी ६.५०)

घाटमाथा +१००

"डोळ्याला असं दिसलं होतं का" हा प्रश्न मला माझ्या फोनलाही विचारायचाय. माझ्याकडे कॅमेरा नाही, फोनच आहे. सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला फोटो काढले. फोनने परस्पर त्यांच्या सुरकुत्या पुसल्या, गव्हाळ रंग दुधाळ केला आणि पार्श्वभूमी धूसर करताना गजऱ्याची अर्धी फुलं खाऊन टाकली. फोटो बघून त्या म्हणाल्या, "ही कोण?" ते चेहरा गुळगुळीत करणारं प्रकरण सेटिंगमध्ये खोल लपलेलं होतं, भाच्याने शोधून बंद करून दिलं. नंतर खिडकीजवळ बसवून परत काढला, त्यात त्या त्याच दिसतात. तो फ्रेम केलाय.

रानजाई (मंगळवार, सकाळी ११.३५)

वर "जागा सांगा" असा सूर आहे म्हणून लिहिते. सरसकट नको.

डोंगर, किल्ला, घाट यांची जागा जरूर सांगा. पक्ष्याच्या घरट्याची नको. पावसाळ्यात तिबोटी खंड्या कोकणात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. टीचभर पक्षी, अंगावर सगळे रंग, फोटो हमखास वाहवा मिळवणारा. एकाने ओढ्याचं नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे वीस ट्रायपॉड. पिल्लांसाठी सरडा नाहीतर खेकडा घेऊन आलेला पक्षी समोरच्या फांदीवर अडकून बसतो, बिळात जायची हिंमत करत नाही. मी हे पाहिलंय. तेव्हा मीही त्या वीसांत होते, म्हणून हक्काने बोलतेय.

घुबडाची ढोली तर चुकूनही सांगू नये. अंधश्रद्धेपायी दिवाळीच्या सुमाराला घुबडं पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा असूनही. आणि तुम्ही तोंडाने सांगितलं नाही तरी फोन फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो. मूळ फाइल कुणाला देण्याआधी ते काढा.

निवांत_पाटील (मंगळवार, दुपारी १२.०५)

रानजाई, तत्त्वतः मान्य. पण मग आम्ही सामान्य माणसांनी पक्षी बघायचेच नाहीत का? जागा फक्त तुमच्या कंपूला माहीत असणार, आणि तुम्ही फोटो टाकून आम्हाला वाकुल्या दाखवणार. हा ज्ञानाचा सोवळेपणा झाला.

रानजाई (मंगळवार, दुपारी १२.४०)

टोमणा पोचला, आणि त्यात थोडं तथ्य आहे. भिगवणला जा, नांदूर मधमेश्वरला जा, ठाणे खाडीत भरतीची वेळ बघून रोहित (फ्लेमिंगो) बघा. तिथे बघायला हवं तेवढं आहे आणि बघायची रीत ठरलेली आहे. त्यांची नावं मी सगळीकडे लिहिते. एका जोडीचं एक बीळ हे ठिकाण नव्हे, ते त्यांचं घर आहे. विणीचा फोटो मी आता काढतच नाही, त्यामुळे वाकुल्या दाखवायलाही माझ्याकडे काही नाही.

निवांत_पाटील (मंगळवार, दुपारी १२.५२)

बरं. शस्त्रं खाली. भिगवणला कधी जावं?

रानजाई (मंगळवार, दुपारी १२.५८)

डिसेंबर ते फेब्रुवारी, पहाटे. बोटवाल्याला आधीच सांगा की थव्यात बोट घुसवायची नाही. उडालेल्या रोहितांचा फोटो हवा म्हणून लोक ते करायला लावतात.

स्टुडिओवाले_काका (मंगळवार, रात्री ९.१५)

मी फोटो दाखवणाऱ्यांतला नाही, काढून देणाऱ्यातला. छत्तीस वर्षं दुकान चालवलं. आमच्याकडे माणसं जुना फोटो घेऊन यायची, मोठा करून द्या म्हणून. आजोबा-पणजोबांचा ग्रुप, मधे खुर्चीवर फेटा, मागे उभ्या बायका. मी विचारायचो, हे मधले कोण? ते सांगायचे. आणि कडेची ही मुलगी? तिथे गप्प. घरात कुणालाच माहीत नसायचं. ज्याला माहीत होतं तो आदल्या वर्षी गेलेला.

फोटोच्या मागे कुणीतरी मऊ पेन्सिलने चार शब्द लिहिलेले असले की सगळं बदलायचं. (पेन्सिलच. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.) आगफा क्लिक थ्रीच्या काळात एका रोलमध्ये बारा फोटो यायचे, आणि रोल धुऊन हातात पडेपर्यंत दोन सण होऊन गेलेले असायचे. त्यामुळे घरातला शहाणा माणूस मागे लिहूनच ठेवायचा. जुन्या फोटोंत सगळे डोळे बारीक करून का उभे असतात माहीत आहे? त्या साध्या कॅमेऱ्यांना उजेड भरपूर लागायचा, म्हणून सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी, म्हणजे बसणाऱ्यांच्या डोळ्यांत.

आता तारीख-वेळ फाइलमध्ये आपोआप असते असं लोक म्हणतात. असते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ती गळून पडते आणि फोटोही दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत राहते. तुमच्या घराण्याचे निम्मे फोटो आज त्या ग्रुपवरच असतील. मागे पेन्सिलने लिहिलेलं कुणाचं नाही.

तारखेचं महत्त्व सांगतो. होमाई व्यारावाला माहीत असतील, आपल्याकडच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, सुरुवातीला ज्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. लाल किल्ल्यावर नेहरूंनी पहिल्यांदा झेंडा फडकवला त्याचे फोटो त्यांनी काढलेत. कुणालाही विचारा, १५ ऑगस्ट म्हणेल. तो दिवस होता १६ ऑगस्ट १९४७. तारीख लिहिली नसती तर फोटो खरा आणि आपली समजूत खोटी, असं चाललं असतं.

घाटमाथा (मंगळवार, रात्री ९.४०)

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा.

फणसाड (मंगळवार, रात्री ९.५५)

अनुमोदन. आणि एक शंका: आपण इथे "प्रचि" म्हणतो, प्रकाशचित्र. पेपरवाले छायाचित्र म्हणतात. एकाच वस्तूला कुणी उजेडाचं नाव दिलं आणि कुणी सावलीचं. काका, तुमच्या दुकानावर काय लिहिलं होतं?

स्टुडिओवाले_काका (मंगळवार, रात्री १०.०३)

"फोटो काढून मिळतील." खाली लहान अक्षरात "पासपोर्ट तातडीने".

गारवेल (बुधवार, रात्री ८.१०)

सगळ्यांचे आभार. एकसष्टपैकी बारा चुकलेले फोटो खाली टाकतोय, अडीच_अक्षरं यांच्या आग्रहावरून. प्रत्येकाखाली काय करायला गेलो आणि काय झालं ते लिहिलंय. प्रचि ९ मध्ये फक्त माझ्या पुढच्या काकांची टोपी आहे. मूळ घोड्याच्या फोटोखालचे आकडे ठेवलेत पण शेवटी. वर लिहिलंय: दुपार, नुकतीच सर येऊन गेलेली, ढग पातळ, मी रस्त्याच्या डाव्या अंगाला मातीच्या ढिगावर उभा. घोड्याचं पुढे काय झालं ते पाहिलं नाही, हेही लिहिलंय.

अडीच_अक्षरं (बुधवार, रात्री ८.३२)

प्रचि ४ चुकलेला नाहीये!! फराट्यांतून एकच टाळ स्पष्ट दिसतोय. तो कचऱ्यातून काढून ठेवा.

टाळकरी (गुरुवार, पहाटे ५.२०)

राम कृष्ण हरी. सहसा लिहीत नाही. फोटो बघून थांबलो, कारण त्या रिंगणाला मी तिथेच होतो, तुमच्या समोरच्या रांगेत.

घोडा पडला नाही. पावसाने रस्ता निसरडा झाला होता, पुढचा पाय सरकला, गर्दीतून "माउली माउली" असा एकच आवाज झाला आणि तो दोन टापांत सावरला. शेवटापर्यंत गेला आणि परत फिरून रथापाशी आला. तो गेल्यावर सगळे टापांखालची माती घ्यायला वाकले. तुमच्या फोटोत उजवीकडे खाली हिरव्या लुगड्यातल्या आजी आहेत ना, हात जोडलेल्या, त्या आमच्या दिंडीतल्या. त्यांनी जिथे पाय सरकला तिथलीच माती उचलली आणि आमच्या पंधरा-वीस जणांच्या कपाळाला लावत गेल्या. एकाने विचारलं, इथलीच का? तर म्हणाल्या, "इथं त्यानं सावरलं."

गारवेल (गुरुवार, सकाळी ७.४५)

टाळकरी, काय बोलू. मावशीला फोन करून वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या बाईंचं नाव विचार, आणि फोटोमागे लिहून ठेव."

टाळकरी (गुरुवार, दुपारी २.१०)

आम्ही सगळे त्यांना आक्काच म्हणतो. नाव यंदा विचारतो. एक फोटो धुऊन द्याल का त्यांच्यासाठी? फोन नाही त्यांच्याकडे.